कुंडल रोडचा माळ : एका वसाहतीच्या पहिल्या आठवणी वाचताना

रेल्वे स्टेशनाच्या नावापुढे 'रोड' लागले की समजायचे, गाव इथे नाही. गावाकडे जाणारी वाट इथून फुटते. पुणे-मिरज मार्गावरचे कुंडल रोड हे असेच स्टेशन. कुंडल गाव लांब, आणि रुळांच्या कडेला नुसता माळ. 10 मार्च 1910 ला या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्याच्या वसाहतीची, किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. जमीन 32 एकर, सोबत पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे. आज ही जागा सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात येते, आणि स्टेशनालाही वाडीचेच नाव आहे.

वाडीच्या पहिल्या दिवसांबद्दल भरपूर लिहिले आणि सांगितले गेले आहे. त्या सगळ्यांत दोन गोष्टी हटकून येतात, निवडुंग आणि साप. कितीदा वाचले तरी तेच चित्र समोर येते: काटेरी, ओसाड माळ, त्यात फिरणारे नाग आणि मूठभर जिद्दी माणसे. चित्र खरेच आहे. पण मला वाटते ते अपुरे आहे, आणि अपुरे का राहिले ते शोधले तर नव्या वसाहतीत माणसे नेमकी कशी रुजतात हे नीट दिसू लागते. म्हणून हे एकच प्रकरण मी इथे सविस्तर मांडतो आहे.

माणसे इथे का आली

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तिथे कळले की काही रंग आपल्याला ओळखू येत नाहीत. मग यांत्रिक रेखनाकडे वळले, मुंबईतच तंत्रशाळेत शिक्षक झाले, आणि बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला परतले. तिथे थोरले बंधू रामूअण्णा सायकलींचे दुकान चालवत होते. दुकानातून कारखाना निघाला. आधी कडबा तोडण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर.

नांगराची गोष्ट वाडीच्या गोष्टीपासून वेगळी काढता येत नाही. लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगराचा वळलेला पंखा ढेकूळ उचलून पालथे घालतो, खालची माती वर येते आणि हरळी-कुंद्याची मुळे उन्हात पडतात. ज्याने कधी हरळीच्या रानात कुदळ मारली आहे त्याला याचे मोल सांगायला नको. पण लोखंड लागले की जमिनीला विष चढते, अशी त्या वेळच्या शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. पुढे विक्रीने जरा जोर धरला, तोवर बेळगावात नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे जागेचाच प्रश्न उभा राहिला. कारखाना हलवायचा, पण कुठे?

औंधाचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी 1909 मध्ये गादीवर आले होते. लक्ष्मणरावांची आणि त्यांची ओळख बांधकामाच्या निमित्ताने झालेली. बाळासाहेब स्वतः चित्रकार, आणि लक्ष्मणराव चित्रकार व्हायला निघालेले. या दोघांचे सूत जुळण्यात त्याचाही वाटा असावा असे मला नेहमी वाटते. बाळासाहेबांनी आपल्या संस्थानातली जागा देऊ केली, कर्जाऊ रक्कमही दिली.

औंध संस्थान एकसंध नव्हते. औंध, आटपाडी, कुंडल असे तुकडे ब्रिटिश मुलखात विखुरलेले. कुंडल म्हणजे इंग्रजी अमलाच्या समुद्रातले संस्थानी बेट. कारखान्याला याचा फायदाच होता. निर्णय एका माणसाच्या हातात, तो माणूस ऐकून घेणारा, आणि दाराशी रेल्वे. शिवाय ही तीच लाइन, जी पुण्याहून मिरजेवरून बेळगावकडे जाते, आणि तेव्हा ती मीटरगेज होती. बेळगावात वाघिणीत चढवलेले यंत्र गेज न बदलता कुंडल रोडला उतरवता येई. ओतकामाला लागणारा कोळसा आणि बिडाचे लोखंड याच रुळांवरून येणार, तयार नांगर याच रुळांवरून जाणार. 'ओसाड माळावर कारखाना' हे ऐकायला वेडेपणाचे वाटते, पण आठवणींतल्या त्या माळाच्या कडेला रूळ होते हे विसरून चालत नाही. ओगले मंडळींनीही पुढे 1916 मध्ये काच कारखान्यासाठी कऱ्हाड स्टेशनाजवळची जागा निवडली. तीही औंधाचीच.

मग आठवणींत रेल्वे मागे आणि निवडुंग पुढे का? याचे उत्तर आठवणाऱ्या माणसांच्या वयात आहे.

एक मार्च, अनेक वये

1910 च्या मार्चमध्ये लक्ष्मणराव चाळीस वर्षांचे होते. त्यांचे चिरंजीव शंतनुराव 28 मे 1903 चे, म्हणजे सातही पुरे नव्हते. पुतणे शंकरराव, ज्यांना मराठी वाचक शं. वा. कि. म्हणून ओळखतात, 1891 चे. ऐन विशीच्या उंबरठ्यावर. वाडीच्या सुरुवातीबद्दल पुढच्या पिढ्यांना जे कळले त्यातले पुष्कळसे या एका घरातून आले. पण एका घरातल्या आठवणी म्हणजे एक आठवण नव्हे.

सात वर्षांच्या मुलाला कर्ज दिसत नाही. त्याला साप दिसतो. नागाची फडी त्याच्या कमरेएवढ्या उंचीवर असते आणि तो क्षण जन्मभर पुसला जात नाही. निवडुंगाचेही तसेच. फड्या निवडुंगाची लाल बोंडे खाल्ली की जीभ लालभडक होते, आणि बोंडावरची बारीक कूस ओठांत, बोटांत शिरली की दोन दोन दिवस निघत नाही. मोठे काटे दिसतात, त्यांना चुकवता येते; ही कूस दिसत नाही. माळावर वाढलेल्या कुणालाही विचारा, तो बोटे चोळत सांगेल. शंतनुरावांनी 1982 मध्ये आपले आत्मचरित्र इंग्रजीत लिहिले, त्याच्या नावातच निवडुंग आहे आणि त्याच्याशेजारी गुलाब. एका मोठ्या उद्योगसमूहाचा प्रमुख वयाच्या ऐंशीच्या घरात मागे वळून पाहतो आणि आयुष्याची खूण म्हणून हाताला जे लागते ते लहानपणच्या माळावरचे झुडूप असते. यात मला काही नवल वाटत नाही. उलट हीच आठवण अस्सल असल्याची खात्री पटते.

पण अस्सल आठवणीचीही उलटतपासणी करावी लागते. साप इतके का दिसले? फड्या निवडुंगाच्या जाळीत उंदीर घर करतात, आणि उंदरांमागे साप येतो. जाळी अभंग असते तोवर साप आत असतो, माणूस बाहेर असतो, दोघांची गाठ क्वचित पडते. जाळी तोडायला घेतली की साप उघड्यावर येतो. म्हणजे साप ही माळाची आठवण कमी आणि माळ साफ करण्याच्या कामाची आठवण जास्त. ज्या महिन्यांत कोयता चालला त्या महिन्यांत साप दिसले. दुसरे असे की फड्या निवडुंग नुसता तोडून भागत नाही. तोडलेले पान बाजूला फेकले तर तेच पान माती धरते आणि त्याचे नवे झुडूप होते. पान खड्ड्यात पुरावे लागते किंवा वाळवून जाळावे लागते. 32 एकरांवरचा निवडुंग काढणे म्हणजे तोडणे, ओढणे, ढीग लावणे, वाळण्याची वाट पाहणे, पेटवणे आणि पुन्हा फुटवे काढणे. 'निवडुंग काढला' हे दोन शब्द वाचताना मी आता थांबतो. त्या दोन शब्दांत किती हातांची किती दिवसांची कूस आहे!

प्रौढ माणसाची आठवण वेगळी चालते. कारखानदाराच्या डोळ्यांपुढे पावसाळा असतो. 10 मार्चला पाऊल ठेवले म्हणजे मृगाला जेमतेम तीन महिने. तेवढ्यात यंत्रांवर छप्पर हवे, माणसांच्या डोक्यावर छप्पर हवे, भट्टी पेटायला हवी, कारण भट्टी पेटल्याशिवाय माल नाही आणि मालाशिवाय पगार नाही. कृष्णेच्या या खोऱ्यात चैत्र-वैशाखाचे ऊन कसे असते आणि वळीव कसा अचानक येतो, ते तिथल्या माणसाला ठाऊक आहे. छप्पर कशाचेही असो, एका वळवाच्या वाऱ्याने ते उचलले जाऊ शकते. लक्ष्मणरावांच्या पिढीच्या सांगण्यात म्हणूनच माणसांच्या कामांची वाटणी येते. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि व्यवस्था पाहिली, शंभुराव जांभेकरांनी यंत्रांची बाजू सांभाळली, मंगेशराव रेग्यांनी हिशेब. सातव्या वर्षी ज्याने साप पाहिला तो साप सांगतो. चाळिसाव्या वर्षी ज्याने जबाबदारी घेतली तो कुणी काय उचलले ते सांगतो.

आणि विशीतला तरुण? शंकरराव चित्रकलेचे विद्यार्थी, लाहोरला पंडित सातवळेकरांकडे शिकलेले. त्यांच्या नजरेला वाडी घडताना दिसली ती एक कल्पना म्हणून, लोकांना सांगण्यासारखी गोष्ट म्हणून. 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू झाले. पुढे त्याचे 'किर्लोस्कर' मासिक झाले. 1930 मध्ये 'स्त्री' आणि 1934 मध्ये 'मनोहर' आले. एका माळावरच्या वसाहतीतून महाराष्ट्रभर मासिके जाऊ लागली. या प्रकरणात मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वसाहत दहा वर्षांची झाली तेव्हा तिच्याकडे स्वतःचे छापील पान होते. बहुतेक वसाहतींची पहिली पिढी बोलते, दुसरी ऐकते, तिसरी अर्धे विसरते. इथे पहिली पिढी कामावर असतानाच शाई वाळत होती.

त्याचा फायदा उघड आहे. तोटा असा की जे छापले गेले तेच पुन्हा पुन्हा सांगितले गेले, आणि पुढे म्हाताऱ्या माणसांनाही आपली आठवण कुठली नि वाचलेली कुठली हे वेगळे करता येईनासे होते. आठवणी गोळा करणाऱ्याला हा अनुभव कुठेही येतो. आजोबा सांगत असतात, मधेच त्यांची भाषा बदलते, वाक्ये गुळगुळीत होतात, आणि कळते की आता ते डोळ्यांसमोरचे सांगत नाहीत, वाचलेले किंवा भाषणात ऐकलेले सांगत आहेत. त्यांना टोकायचे नसते. पाणी पिऊ द्यायचे आणि विचारायचे, "बरं, त्या दिवशी जेवायला काय होतं?" भाषा लगेच पायावर येते.

पाणी, चूल, आणि जी माणसे संख्येत येतात

जेवणाचा प्रश्न मी मुद्दाम काढला. पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे म्हटल्यावर निदान वीसेक चुली. मुले, कुणाची म्हातारी आई, कुणी गरोदर. बेळगावसारख्या ठिकाणाहून, जिथे बाजार आहे, डॉक्टर आहे, शेजारी आहेत, तिथून उठून ही मंडळी अशा जागी आली जिथे सकाळी दूध कुठून आणायचे हाही प्रश्नच होता. बेळगावच्या माणसाच्या बोलण्यात मराठी आणि कानडी दोन्ही असतात. इथे चहूकडे सातारी बोली. दळण कुठे टाकायचे, मीठ-मिरची कुठून आणायची, सुईण कोण, हे सगळे नव्या बोलीत विचारायचे.

लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई होत्या, घरोघरच्या स्त्रिया होत्या. कारखाना उभा राहिल्याच्या गोष्टीत भट्टी कधी पेटली याला जागा मिळते. पण भट्टीच्या आधी, पहिल्याच संध्याकाळी, चूल पेटलेली असते. तीन दगड, माळावरचे काटूक, आणि उन्हाने तापलेल्या मातीवर बसलेली बाई. तिच्या हातात हंडा आहे. मार्चमध्ये माळावर पाणी कुठे असते हे तिला पहिल्या दिवशीच शोधावे लागते; तिच्या दिवसाचा आराखडा त्या पाण्याच्या अंतरावर ठरतो. किती खेपा, कुणाच्या पुढे कोण, धुणे कधी, लहान पोर कुणाकडे ठेवायचे. नव्या वसाहतीत बायकांची ओळख पाणवठ्यावर होते आणि पहिली भांडणेही तिथेच होतात. मी ज्या ज्या नव्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांशी बोललो आहे, मग ती धरणाने उठलेल्यांची असो की कालव्याच्या आधाराने वसलेली असो, त्यांच्या आठवणींचा खुंटा पाणी हाच होता. साप त्यांनीही पाहिलेला असतो. पण तो सांगताना त्या म्हणतात, "पाण्याला जाताना आडवा आला." साप त्यांच्या वाक्यात उत्तरार्धात येतो.

या मजकुराला मी प्रकरण अभ्यास म्हणतो ते याचसाठी. किर्लोस्करवाडीबद्दल जी आठवण टिकली ती खोटी नाही, पण तिच्यात सुरुवातीचा दिवस मोठा आणि दुसरा दिवस लहान झाला आहे. वसाहत टिकते ती दुसऱ्या दिवसामुळे. पहिल्या दिवशी उत्साह असतो, नारळ असतो, मालक सोबत उभा असतो. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या महिन्यात, पहिल्या तापाच्या साथीत बाई म्हणाली असती, "चला परत," तर कारागीर परत गेला असता. बेळगावात कसबी माणसाला काम मिळत नव्हते असे थोडेच आहे? ती कुटुंबे राहिली. त्यांच्या राहण्याचा निर्णय घरात, रात्री, हलक्या आवाजात झाला असणार, आणि तो घेणाऱ्यांत बाईचा शब्द वजनाचा असणार. हा माझा तर्क आहे, पण कुठल्याही स्थलांतरित घरात बसून ऐकले तर तो दुबळा वाटत नाही.

कामगारांचेही असेच. आठवणींत ते 'पंचवीस कामगार' असे येतात, संख्येत. ओतकाम करणारा माणूस दिवसभर ओल्या रेतीत साचा बसवतो, फुंकरीने कण उडवतो, आणि वितळलेले बीड ओतताना ओल जास्त राहिली तर साचा फुटून तप्त थेंब पायावर येतात. त्याच्या आठवणीत माळ नसेल, रेती असेल. कुठल्या नदीची रेती बरी, कुठली चिकटत नाही. बेळगावला जी रेती वापरायची सवय, ती इथे नाही. नव्या रेतीशी हात बसवायला दिवस लागतात. वसाहतीत सगळ्यांनाच नव्या जागेशी हात बसवावा लागतो, ओतकऱ्याच्या बाबतीत ते अक्षरशः खरे.

एक आठवण मात्र वाडीत वेगळी टिकली, आणि ती टिकली याचा मला आनंद आहे. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीचे पहारेकरी नेमले. ज्याच्यावर कुणी घराची किल्ली सोपवणार नाही, त्याच्याकडे अख्ख्या वसाहतीची झोप सोपवली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असाही दंडक होता. हे 1910 नंतरच्या दशकांतले आहे. त्या काळी याच टापूतल्या गावागावांत पाणवठे वेगळे होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दंडकाचे वजन कळते. याच औंध संस्थानात पुढे 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू झाली, जिथे कैद्यांना भिंतीविना ठेवले. वाडीतला पहारा आणि स्वतंत्रपूर यांचा धागा थेट आहे असे मी म्हणणार नाही, पण एकाच संस्थानाच्या हवेत दोन्ही गोष्टी झाल्या. नवी वसाहत असली की हे शक्य होते. जुन्या गावात रीत आधी असते आणि माणूस नंतर येतो. माळावर आधी माणूस आला, रीत बसवायची अजून बाकी होती.

'ओसाड' कुणाला?

इथे एका शब्दापाशी अडखळायला हवे. पहिल्या रहिवाशांच्या आठवणीत जागा नेहमी ओसाड असते, जगभर असते. पण माळ पूर्ण ओसाड कधीच नसतो. तिथे पावसाळ्यानंतर गवत असते, मेंढरे बसवणारा धनगर असतो, जळणाला येणारी बाई असते, गुरे राखणारी पोरे असतात. ज्याला सात-बारावर नाव नाही, त्याच्याही पायवाटा माळावर असतात. कुंडल आणि आजूबाजूच्या गावांतल्या माणसांना एक दिवस तिथे कुंपण दिसले असेल, मग धूर, मग भोंगा. त्यांच्यासाठी ही वसाहतीची सुरुवात नव्हे, माळाचा शेवट होता. आणि काहींसाठी रोजगाराची पहिली संधीही होती. दोन्ही एकाच घरात खरे असू शकते. बापाची चराई गेली आणि पोरगा हेल्पर म्हणून लागला.

वाडीची गोष्ट सांगताना या बाहेरच्या माणसांची बाजू जोडली नाही तर वाडी जणू पोकळीत उभी राहिली असे वाटते. तसे नाही. हाच कुंडलचा परिसर 1940 च्या दशकात प्रतिसरकारच्या चळवळीने पेटून उठला, जी. डी. बापू लाडांसारखी माणसे इथली. इथली गावे गप्प बसणारी नव्हती. त्यांनीही वाडीकडे डोळे भरून पाहिले असणार, त्यांची मते असणार.

1948 च्या सुरुवातीला, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत वाडीचा कारखानाही जळाला. तो पुन्हा उभा राहिला. ज्यांनी 1910 पाहिले होते त्यांच्यातले काही तेव्हा हयात होते. लक्ष्मणराव तर होतेच, ते 1956 मध्ये गेले. एकाच आयुष्यात दोनदा त्याच जागेवर शून्यापासून सुरुवात करणाऱ्या माणसाला पहिली सुरुवात कशी आठवत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. दुसऱ्या वेळी साप नव्हते, निवडुंग नव्हता. पहिल्या वेळी शेजार अनोळखी होता, दुसऱ्या वेळी चाळीस वर्षांच्या ओळखीचा. यातले कोणते दुःख जास्त खोल जाते, हे ज्याचे त्याला ठाऊक.

वाडीचे गाव कधी झाले

आठवणींत सुरुवात ठसठशीत असते, शेवट नसतो. म्हणजे वसाहत 'नवी' असणे कधी संपले, ती तारीख कुणालाच सांगता येत नाही. कंपनी 1920 मध्ये नोंदली गेली, पंप 1926 पासून बनू लागले, पुढे यंत्रे बनवणारी यंत्रे आली, समूहाचे कारखाने हरिहर, बंगळूर, पुणे इथे निघाले. या तारखा उद्योगाच्या. गावपण असे तारखेने येत नाही. शाळेत पहिला असा मुलगा बसला जो वाडीतच जन्मला. कुणाची तरी मुलगी वाडीतून लग्न होऊन बाहेर गेली आणि 'माहेर कुठले' म्हटल्यावर तिने बेळगाव न सांगता किर्लोस्करवाडी सांगितले. कुणीतरी पहिल्यांदा याच मातीत गेले आणि त्याची राख कृष्णेत सोडली. अशा जुन्या वसाहतीत कधी आठवणी विचारायला गेलात तर कारखान्याची स्थापना विचारू नका, ती सगळ्यांना पाठ असते. माहेर म्हणून गावाचे नाव पहिल्यांदा कुणी घेतले ते विचारा. उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि त्या वेळात माणूस खरोखर आठवत असतो.

कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसे नव्या वसाहतींत राहायला गेली, त्यांना हे अजून सांगता येईल. ती स्वतःहून निघाली नव्हती, त्यांच्याकडे छापखाना नव्हता, त्यांच्या पहिल्या रात्रीचे चित्र कुणी काढले नाही. वाडीचे प्रकरण त्यांच्याशेजारी ठेवले की वाडीचे भाग्य कळते. तिला राजा मिळाला, रूळ मिळाले आणि लिहिणारे हात मिळाले. त्या वसाहतींतल्या पहिल्या पिढीतले जे उरले आहेत ते आता ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. त्यांच्याशी बोलायला जायचे तर याच हिवाळ्यात जायला हवे.

माझ्या आजीच्या गोठ्यात एक कडबाकुट्टी होती. बिडाचे मोठे चाक, त्याला दोन पाती, आणि चाकाच्या आऱ्यावर ओतून काढलेली उठावाची अक्षरे, रंग गेला तरी बोटाला लागणारी. एकाने मूठ फिरवायची, दुसऱ्याने तोंडात कडबा सारायचा. सारणाऱ्याचे लक्ष कायम बोटांवर. आम्हा मुलांना मूठ मिळे, तोंड कधीच नाही. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. ती अक्षरे तिने कधी वाचली नाहीत, पण तिच्या साऱ्या आठवणी त्या चाकाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या होत्या. "चाक यायच्या आधी विळीवर तोडायचो, हाताला घट्टे पडायचे. चाक आलं त्या साली तुझी आत्या झाली." ते चाक जिथे ओतले त्या माळावर कधी निवडुंग होता, हे तिला ठाऊक नव्हते. पण चाकाच्या तोंडाशी बसून ती मला दरवेळी एकच सांगायची, "बोटं माघारी घे, बाळा," आणि मी मूठ सोडून बाजूला झालो की स्वतः पेंढी उचलायची.